चंपकाची सात दिवसांची रजा

कल्हण पंडिताने ‘राजतरंगिणी’त राजे, मंत्री, बंडखोर, सेनापती आणि खुशमस्करे यांच्याविषयी जितके लिहिले, त्याच्या शतांशानेही स्वतःच्या घराविषयी लिहिलेले नाही. त्याचा पिता चंपक हा काश्मीरचा राजा हर्ष (१०८९–११०१) याच्या दरबारातील मोठा अधिकारी होता. हर्षाची कारकीर्द ही करांची, कारस्थानांची आणि अखेरीस सर्वनाशाची कहाणी आहे. त्या धामधुमीत, सातव्या तरंगात, कल्हण आपल्या वडिलांविषयी जाता जाता एक लहानशी नोंद करून ठेवतो. ती अशी की, चंपक दरवर्षी सात दिवस नंदिक्षेत्रात जाऊन राहत असे.

अभ्यासकांनी या नोंदीकडे कवीच्या घराण्यातील शिवभक्तीचा पुरावा म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या एका खात्यातील कारकून. आमची दृष्टी प्रथम गेली ती ‘दरवर्षी’ आणि ‘सात दिवस’ या दोन शब्दांवर. ज्या राजाच्या पदरी आज मान तर उद्या मान कापली जाण्याची भीती, त्याच्या सेवेत राहून एक अधिकारी वर्षाकाठी सात दिवस डोंगरात जातो आणि त्यात खंड पडू देत नाही, ही गोष्ट आम्हांला भक्तीइतकीच कर्तबगारीचीही वाटली.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची रजा कशी खर्ची पडते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुतण्याची मुंज, मेहुणीचे लग्न, गावच्या घराचे गळके छप्पर, वडिलांचा मोतीबिंदू, यांतून जी उरते ती अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवावयाची आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे घ्यावयाचे, ही आपली रीत. या रीतीला आम्ही नावे ठेवीत नाही. त्या पैशांतून पुष्कळांची घरे उभी राहिली आहेत. तथापि एकदा तरी चंपकाप्रमाणे सात दिवस, आणि तेही त्याच्याच डोंगरात, काढावेत असा बेत आम्ही आखला आहे. त्यात एक भर घातली आहे ती अशी की, पायी चालता चालता वाटेतल्या पाण्यात ट्राउट माशासाठी गळ टाकावयाचा. हा बेत आखताना नकाशापेक्षा पोथ्याच अधिक उलटाव्या लागल्या. त्यांत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम नंदिक्षेत्र कोठे आहे ते पाहू. श्रीनगरच्या उत्तरेस सिंध नदीचे खोरे आहे. (ही सिंध म्हणजे सप्तसिंधूंतील थोरली नव्हे, ही झेलमला मिळणारी धाकटी.) या खोऱ्याच्या माथ्यावर ५,१४२ मीटर उंचीचे हरमुख शिखर उभे आहे, जुन्या ग्रंथांतील हरमुकुट. शिखराच्या पायथ्याशी गंगाबल आणि नंदकोल ही दोन सरोवरे आहेत. गंगाबलचे जुने नाव उत्तरमानस. तेथून खाली उतरले की वांगथजवळ नारानाग येथे दगडी मंदिरांचे दोन समूह भग्नावस्थेत दिसतात. कल्हणाचा भूतेश्वर तो हाच. वरच्या सरोवरांपासून खालच्या मंदिरांपर्यंतचा हा मुलूख म्हणजे नंदिक्षेत्र.

आजचा पदयात्री येथे उलट्या बाजूने येतो. सोनमर्गहून निघावयाचे, निचनाईची सुमारे ४,१०० मीटरची खिंड ओलांडून विशनसर आणि किशनसर गाठावयाचे, त्याहून थोडी उंच खिंड चढून गडसर, मग सातसर, मग जाजिबलची खिंड आणि अखेरीस गंगाबल. तेथून नारानागची उतरण. एकंदर ७० ते ७५ किलोमीटर वाट, आणि दिवस लागतात सात! हा योगायोग आमच्या ध्यानात आला तेव्हा बेत कायम झाला असे म्हटले तरी चालेल. वाटेवरची नावे पाहावीत. विशनसर म्हणजे विष्णूचे सर, किशनसर म्हणजे कृष्णाचे. किशनगंगा नदीचा उगम येथलाच. गडसरचा अर्थ लोक ‘माशांचे सरोवर’ असा सांगतात, कारण काश्मिरीत माशाला ‘गाड’ म्हणतात.

या डोंगरावर इतिहासाची नोंद करणारे दोन पाहुणे नंतरच्या काळात येऊन गेले. १८५६ साली माँटगोमेरी नावाचा सर्वेक्षण खात्याचा अधिकारी हरमुखवर आपली यंत्रे घेऊन चढला. तेथून सुमारे २०० किलोमीटरवर त्याला काराकोरमची दोन उंच शिखरे दिसली. त्याने त्यांना के-१ आणि के-२ असे अनुक्रमांक दिले. जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराला आजही जग त्याच अनुक्रमांकाने ओळखते. आपण दिलेला जावक क्रमांक इतका चिरंजीव व्हावा, असे भाग्य किती कारकुनांच्या वाट्याला येते?

दुसरा पाहुणा ऑरेल स्टाइन. हा लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजचा प्राचार्य आणि पंजाब विद्यापीठाचा रजिस्ट्रार. म्हणजे मुख्यत्वे फायली, परीक्षा आणि प्रवेश यांत बुडालेला मनुष्य. त्याने संपादित केलेली ‘राजतरंगिणी’ची संस्कृत संहिता १८९२ साली आपल्या मुंबईत छापली गेली. पुढे इंग्रजी भाषांतर आणि त्यावरील टीपा यांसाठी त्याला सलग वेळ हवा होता, तो लाहोरात मिळणे शक्य नव्हते. मग उन्हाळी सुट्टी लागली की सिंध खोऱ्याच्या वरच्या अंगाला मोहंद मर्ग नावाच्या कुरणावर तो तंबू ठोकी आणि हरमुखच्या परिसरात बसून कल्हणाच्या एकेका स्थळाचा माग काढी. पंडित गोविंद कौल हे त्याचे मोठे साहाय्यक. १९०० साली प्रसिद्ध झालेले ते दोन खंड पाहिले म्हणजे नवल वाटते. काश्मीरच्या भूगोलाविषयीचे एवढे प्रमाणभूत काम, आणि ते बव्हंशी एका नोकरदाराच्या सुट्ट्यांत झालेले! चंपकाची नोंद आमच्यापर्यंत पोहोचली तीही याच खंडांमुळे.

इथवर आमच्या कचेरीतील मित्रमंडळींची संमती होती. गळाचा विषय निघाला तेव्हा मात्र सर्वांनी भुवया उंचावल्या. पायी फिरणे ठीक, त्याला यात्रा म्हणता येते. परंतु चार तुकड्यांची काठी जोडून पाण्यात पिसे फेकीत उभे राहणे हे निव्वळ साहेबी खूळ, असा त्यांचा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्हांला बाराव्या शतकात, आणि काश्मीरमधून थेट दक्षिणेत जावे लागते.

कल्हणाने सातव्या तरंगातच आणखी एका माणसाची आठवण काढली आहे. श्रीनगरजवळच्या खोनमुष गावचा कवी बिल्हण हा राजा कलशाच्या काळात देश सोडून निघाला आणि फिरत फिरत कल्याणीच्या चालुक्यांकडे आला. (कल्याणी म्हणजे आपण गाडी बदलतो ते कल्याण नव्हे, बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण.) तेथे विक्रमादित्य सहाव्याने त्याला ‘विद्यापती’ केले. हत्ती मिळाला, छत्र मिळाले. पण कल्हण सांगतो की, मायदेशी हर्ष राजा कवींचा मोठा चाहता निघाला हे कानी आल्यावर बिल्हणाला आपले सारे वैभव फसवे वाटू लागले. परमुलखात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या माणसाच्या मनाचे इतके अचूक निदान आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. बिल्हणाने ‘विक्रमांकदेवचरिता’चा अखेरचा सर्ग आपल्या गावाच्या, तेथल्या केशराच्या आणि द्राक्षांच्या वर्णनाला वाहिला आहे, तो याच मनःस्थितीतून आला असावा.

ज्या विक्रमादित्याने या काश्मिरी कवीला आश्रय दिला, त्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा (११२६–११३८). त्याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे, कारण त्याच्या गीतविषयक भागात जुन्या मराठीतील काही ओळी आल्या आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ गो. कृ. श्रीगोंदेकर यांनी संपादित केला. पहिला खंड १९२५ चा, तिसरा १९६१ चा. परप्रांतातील मराठी माणसाच्या हातून झालेल्या कामांत त्याचे नाव घ्यावयास हरकत नाही. या ग्रंथात शंभर अध्याय आहेत आणि राजाच्या करमणुकींच्या भागात एक अध्याय आहे ‘मत्स्यविनोद’. आज ‘विनोद’ म्हटले की आपल्याला हसू येते. सोमेश्वराच्या काळी त्याचा अर्थ मन रमविणे असा होता. राजा येथे अगदी जाणकारासारखा बोलतो. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, खवल्याचा कोणता आणि बिनखवल्याचा कोणता, कोणाला काय खाऊ घालावे, ठरावीक जागी खाद्य टाकून माशांना सवय कशी लावावी, गळ कसा, दोरी कशी, काठी कशी, हे सारे त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाचा शास्त्रीय परिचय करून दिला, तेव्हा कुठे मत्स्यविद्येच्या जगाचे तिकडे लक्ष गेले.

तेव्हा गळ टाकून बसणे हा राजमान्य विनोद आपल्या शेजारच्या कल्याणीत नऊशे वर्षांपूर्वी होता, आणि तो लिहून ठेवणाऱ्या राजाच्या पित्याच्या सभेत एक काश्मिरी बसत होता. काश्मीर आणि काठी यांची गाठ आम्ही प्रथम घालीत आहोत असे नाही.

परंतु मासा मात्र परका आहे, हे कबूल केले पाहिजे. काश्मीरच्या नद्यांत मूळचे मासे होतेच, ट्राउट नव्हता. तो येण्याचे कारण एक गालिचेवाला झाला. फ्रँक मिचेल हा श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवीत असे. येथले थंड, स्वच्छ, खळाळते पाणी पाहून त्याला मायदेशचे प्रवाह आठवले असल्यास त्यात आश्चर्य नाही. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड याने पाठविलेली ट्राउटची अंडी वाटेतच नासली. १९०० च्या डिसेंबरात स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती जिवंत पोहोचली. काही पिले दाचीगामच्या पाण्यात सोडली गेली, काही मिचेलने आपल्या कारखान्याच्या आवारात वाढविली. गालिच्यांच्या मागांशेजारी माशांची पिले, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे! महाराजा प्रतापसिंहांच्या राजवटीत पुढे मत्स्यखाते निघाले, मिचेल त्याचा पहिला प्रमुख झाला आणि हारवान येथे पैदास केंद्र उभे राहिले. तपकिरी ट्राउटच्या मागून इंद्रधनुषी ट्राउट आला. १९०९ मध्ये काश्मीरच्याच अंड्यांवरून कुलूच्या बियास नदीत ट्राउट वसला. या परक्याचा मूळच्या माशांवर काय परिणाम झाला, हा मत्स्यशास्त्रज्ञांच्या चिंतेचा विषय आहे आणि ती चिंता रास्त आहे.

मासेमारीची ही रीत कशी असते ते थोडक्यात सांगतो, कारण सोमेश्वराच्या रीतीहून ती अगदी भिन्न आहे. येथे गळाला अळी वा पिठाची गोळी लावीत नाहीत. पिसे आणि रेशीम गुंडाळून गळालाच माशीचे रूप देतात. ही माशी इतकी हलकी की फेकली तर हातभरही जाणार नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. काठीच्या लवचिक झोक्याने दोरी मागे-पुढे खेळवीत शेवटी पाण्यावर पसरावयाची आणि तिच्या टोकाची माशी आपोआप उतरल्यासारखी वाटली पाहिजे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो आणि वाहत येणाऱ्या कीटकांवर जगतो. त्याच्या मागच्या बाजूने जावे, सावली पडू देऊ नये, आणि कोणत्या वेळी कोणता कीटक पाण्यावर आहे ते आधी पाहावे. सोमेश्वर माशाला सवय लावतो. येथे माशाची सवय आपण शिकावयाची. आमच्या मते सारा फरक एवढाच आहे.

आता काळवेळ. ट्राउटचा हंगाम १ एप्रिलला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतो. खिंडींतील बर्फ जुलैशिवाय पुरते हटत नाही, आणि जुलैत वितळत्या बर्फाने पाणी गढूळ व जोराचे असते. माशीला नितळ पाणी हवे, ते ऑगस्टच्या अखेरीपासून मिळते. म्हणजे नेमका भाद्रपद. आणि भाद्रपदात कोणता मराठी माणूस गणपती सोडून काठी उचलील? अनंत चतुर्दशी झाल्यावर मात्र पितृपक्ष लागतो. त्यात लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाही. रजा मंजूर करणाराही प्रसन्न असतो. तेव्हा आम्ही पितृपक्षाचा पहिला आठवडा धरला आहे. अधिकमासाच्या वर्षी गणपतीच मागे सरकतात आणि हंगाम हातचा जातो. अशा वर्षी श्रावणाच्या उत्तरार्धात निघण्यावाचून गत्यंतर नाही. जम्मू-काश्मीरसाठी एल.टी.सी.त विमानप्रवासाची खास सवलत केंद्र सरकार वेळोवेळी वाढवीत आले आहे. तिचे ताजे परिपत्रक पाहून घ्यावे. परवाना मत्स्यखात्याकडून आधी काढावा लागतो. नदीचे ठरावीक टप्पे पाडलेले असतात, त्यांना वनखात्याप्रमाणेच ‘बीट’ म्हणतात. अर्ज, शुल्क, तारीख, बीट, शिक्का. इतक्या कागदपत्रांनी सजलेला दुसरा खेळ आम्हांला ठाऊक नाही, आणि म्हणून तो आम्हांला परका वाटतही नाही.

सामान कोण वाहणार, हा प्रश्न मात्र परिपत्रकाने सुटणारा नाही. काश्मीरच्या डोंगरांत ओझ्याचा इतिहास फार वाईट आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस शंकरवर्मा राजाने गावकऱ्यांवर वेठीने ओझी वाहण्याची सक्ती बसविली. ती तेरा प्रकारची होती आणि जो ओझे उचलावयास आला नाही त्याला दंड होई, असे कल्हणाने नोंदवून ठेवले आहे. खेड्यांच्या दारिद्र्याचे मूळ तो त्यात पाहतो. हजार वर्षांनी, १८९५ मध्ये, वॉल्टर लॉरेन्सने काश्मीरवरील आपल्या ग्रंथात वर्णिलेली बेगार हीच. गिलगिटच्या वाटेवर ओझी घेऊन जावे लागेल या भयाने शेतकरी गाव सोडून पळत. साहेबलोकांच्या ज्या शिकारी-सहलींची वर्णने आपण चवीने वाचतो, त्यांतील तंबू, खुर्च्या आणि न्हाणीची टबे कोणाच्या तरी पाठीवरून वर गेली होती. आज घोडेवाला ठरवून दिलेला दर घेतो. आम्ही आमच्या यादीतून आधी घडीची खुर्ची काढली, मग दुसरी काठी, मग डबाबंद खाद्याचे निम्मे डबे. उरले ते एका घोड्याच्या बेताचे आहे. घोड्याबरोबर चालणाऱ्या माणसाला तंबू व अंथरूण आपल्यासारखेच मिळेल, हे करारात लिहून घेतले आहे.

आणखी एका गोष्टीचा निर्णय करणे आम्हांला सर्वांत कठीण गेले. विशनसर, किशनसर आणि गडसर येथे गळ टाकावयाचा, हे ठरले. पण गंगाबल? तेथेही ट्राउट आहे आणि जाणकार सांगतात की चांगला आहे. परंतु काश्मिरी पंडितांसाठी ते हरमुकुटगंगेचे तीर्थ. भाद्रपदात तेथे यात्रा जाई आणि वर्षभरात गेलेल्या आप्तांच्या अस्थी त्या पाण्यात सोडल्या जात. १९९० मध्ये बहुसंख्य पंडितांना खोरे सोडावे लागले. यात्रा २००९ पासून पुन्हा निघू लागली. मासा त्यांना निषिद्ध आहे असे नाही. पौषात गाड-बत्त म्हणजे मासे आणि भात यांचा नैवेद्य ते घरच्या देवतेला दाखवितात. तरीही मट्टनच्या कुंडातील माशांना कोणी हात लावीत नाही, कारण ते तीर्थातले. हाच न्याय आम्ही गंगाबल आणि नंदकोल यांना लावला. परवाना दोन्हीकडे चालतो. काठी मात्र सातसरला पिशवीत जाईल आणि ती नारानागच्या खाली सिंधेच्या पाण्यावरच बाहेर निघेल. आमच्यापैकी एकाला हे पटलेले नाही. त्याचे म्हणणे, पितृपक्षात माशी टाकावयाची तर सरोवरांत डावे-उजवे कशाला? त्याला उत्तर आहे असे वाटत नाही. निर्णय बहुमताने झाला आहे.

घरच्या मंडळींचा प्रश्न याहून सरळ होता: जावेच कशाला? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरन कुरणात २६ जणांची हत्या झाली. त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. त्यानंतर खोऱ्यातील ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ बंद करण्यात आली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडू लागली. या प्रश्नाला शूरपणाचे उत्तर देण्याचा आमचा इरादा नाही. प्रशासनाची लेखी परवानगी असेल तरच निघावयाचे. ती नसेल तर बेत पुढल्या वर्षावर. वाटेवर लष्कराच्या चौक्या आहेत, तेथे ओळखपत्रे दाखवावी लागतात आणि सांगितलेल्या जागीच मुक्काम करावा लागतो. चंपकाच्या वेळी तरी खिंडी कोठे मोकळ्या होत्या? काश्मीरच्या वेशींवर पहाऱ्याचे नाके होते, त्यांना ‘द्वार’ म्हणत, आणि त्यांवर देखरेख करणारा अधिकारी ‘द्वारपती’ हा राज्यातील बड्या अधिकाऱ्यांत मोडे.

सातव्या दिवशी नारानागला उतरल्यावर दगडी कुंडाजवळ थांबावयाचे, भूतेश्वराच्या पडक्या मंदिरांतून फिरावयाचे, आणि मग वांगथवरून कंगन व कंगनहून श्रीनगर. घोडेवाल्याशी बोलणे झाले आहे. काठीची चारही टोके तपासून झाली आहेत. राहिला आहे तो रजेचा अर्ज. त्यात कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ लिहिण्याचा आमच्या कचेरीत प्रघात आहे. आम्ही तेथे ‘नंदिक्षेत्र, सात दिवस’ असे लिहून अर्ज पुढे पाठविला आहे.